इलेक्ट्रिक गिटारमधील पिकअप व व्हॉल्यूम-नियंत्रणातील फेरबदल : एक समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

गिटारवादनाविषयीच्या लेखनात एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : स्वर वादकाच्या बोटांत असतो. श्रेष्ठ वादकाच्या हाती कोणतीही गिटार दिली तरी तो आपलाच नाद काढतो, असा या वाक्याचा आशय आहे आणि तो बऱ्याच अंशी अनुभवास उतरतो. परंतु ज्या वादकांच्या संदर्भात हे वाक्य उच्चारले जाते त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या गिटारचे आवरण उघडून आतील पिकअप बदलले, वायरी तोडल्या, जोडल्या, नॉब काढून टाकले. ही गोष्ट संगीतसमीक्षेत फार तर तळटीपेपुरती येते. तिची रवानगी दुरुस्तीच्या पुस्तकांत आणि तंत्रविषयक मासिकांत होते. संगीताची चर्चा एका दालनात आणि सोल्डरिंगची दुसऱ्या, अशी ही वाटणी आहे.

प्रस्तुत लेखात ही वाटणी मान्य केलेली नाही. गिटार कारखान्यातून ज्या विद्युत-जोडणीसह बाहेर पडते ती जोडणी हे संगीताविषयीचे एक मत असते. वादकाने केलेला फेरबदल हा त्या मतावरील अभिप्राय असतो. त्या अभिप्रायाचे मोल मात्र वापरलेल्या भागांच्या किमतीवरून किंवा वादकाच्या कीर्तीवरून ठरत नाही. त्यामुळे कोणती सांगीतिक कृती शक्य झाली हे ऐकूनच ते ठरवावे लागते. या प्रतिपादनासाठी ब्रिटिश वादक जेफ बेक (१९४४–२०२३) यांची दोन ध्वनिमुद्रणे मुख्यतः विचारात घेतली असून एडी व्हॅन हेलन, ब्रायन मे व पीटर ग्रीन यांची उदाहरणे अनुषंगाने आली आहेत. प्रस्तुत लेखक साहित्याचा अध्यापक आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हे. तथापि ज्याला पाठभेद तपासण्याची सवय आहे त्याला एकाच वाद्याच्या दोन जोडण्यांतील फरक अगदीच परका वाटत नाही, एवढ्या अनुभवावर हे धाडस केले आहे.

कारखान्याने घेतलेला निर्णय

पिकअप म्हणजे स्थायी चुंबकाभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या तत्त्वाचा हा सरळ उपयोग होय. जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१ साली मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारसाठी असा पिकअप सिद्ध केला आणि रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही गिटार त्यातून आली. पुढे १९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्या प्रत्येक पिकअपमध्ये एकच वेटोळे, त्याला सुमारे आठ हजार फेरे. असे एकेरी वेटोळे तारेचा कंप जसा टिपते तशीच आसपासच्या विजेच्या वायरींची घरघरही टिपते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळून आणि त्यांची चुंबकीय ध्रुवताही उलट ठेवून ही घरघर आपसांतच नाहीशी होईल अशी योजना केली. तिच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, १९५७ पासून हे ‘हंबकर’ पिकअप लेस पॉल गिटारवर बसू लागले आणि १९५९ मध्ये पेटंट मिळाले. घरघरीबरोबर नादाचा थोडा तजेलाही गेला. दोन वेटोळ्यांमुळे इंडक्टन्स वाढतो, आणि पिकअप व वायर मिळून ज्या वारंवारतेला सर्वाधिक प्रतिसाद देतात तो बिंदू खाली सरकतो. पाच मीटर वायर जोडली असता तो स्ट्रॅटोकास्टरमध्ये साधारण ४,००० हर्ट्झच्या वर राहतो, हंबकरमध्ये ३,००० हर्ट्झच्या आसपास येतो. एकाचा नाद टोकदार आणि दुसऱ्याचा जाड का वाटतो, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

उरलेले उत्तर व्हॉल्यूमच्या नॉबखाली दडलेले आहे, आणि समीक्षेने सर्वाधिक दुर्लक्ष केले आहे ते या नॉबकडे. त्याचे काम आवाज लहान-मोठा करणे, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः तो आवाज लहान करताना नादाची जातही बदलतो. नॉबखालील पोटेन्शिओमीटर, ज्याला कारागीर ‘पॉट’ म्हणतात, तो फेंडरमध्ये साधारणतः २५० किलो-ओहमचा आणि गिब्सनमध्ये ५०० किलो-ओहमचा असतो. विद्युतदृष्ट्या तो मध्यावर आणला की संकेताच्या वाटेत अनुक्रमे सुमारे ६२ व १२५ किलो-ओहमचा रोध उभा राहतो. पुढे अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या वायरीची धारकता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. हा रोध आणि ही धारकता यांची गाठ पडली की वरच्या वारंवारता गळू लागतात. पिकअपचा स्वतःचा रोध बाजूला ठेवून पाच मीटर वायरीचा हिशेब केला, तर गळतीचा आरंभ फेंडरमध्ये ५,००० हर्ट्झच्या आसपास आणि गिब्सनमध्ये २,५०० हर्ट्झच्या आसपास होतो. म्हणजे गिब्सनचा वादक आवाज थोडा खाली आणतो तेव्हा त्याचा नाद लगेच पांघरुणाखाली गेल्यासारखा होतो. तो दूर गेलेला वाटत नाही, मंद झालेला वाटतो.

ही उणीव केवळ तांत्रिक म्हणता येत नाही. व्हॉल्यूमचा नॉब एकदा लावून ठेवावयाचा, वाजविताना त्याला हात लावावयाचा नाही, असे गृहीत धरले तर ही जोडणी निर्दोष आहे. ते गृहीत ज्या काळात धरले गेले त्या काळी ते योग्यही होते. नृत्यवृंदात बसून साथ करणाऱ्या वादकाला नॉब सतत फिरविण्याचे कारण नव्हते. पण साठच्या दशकात अँप्लिफायर त्यांच्या क्षमतेपलीकडे चालवून नाद फाटू देण्याची रीत रूढ झाली आणि नॉबचा अर्थच पालटला. नॉब पूर्ण वर असताना नाद फाटतो, थोडा खाली आणला की स्वच्छ होतो. गिटारवरील नॉब हा अशा प्रकारे अँप्लिफायरचाही लगाम झाला. जोडणी मात्र जुन्या गृहीतावरच राहिली.

यावर दोन उपाय प्रसिद्ध आहेत. पहिला, पॉटच्या येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांमध्ये एक चिमुकला कपॅसिटर जोडणे. त्यातून वरच्या वारंवारता रोध टाळून निसटतात. दुसरा गिब्सनच्या पन्नाशीतील जोडणीकडे परतण्याचा : टोनचा कपॅसिटर पॉटच्या आत येणाऱ्या टोकाला न जोडता बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडणे. एका वायरीची जागा बदलते आणि नॉब खाली आणताना नादाची धार बरीच टिकते. हा दुसरा उपाय मला अधिक रोचक वाटतो, कारण त्यात कोणतीही नवी वस्तू येत नाही. तेच शब्द, फक्त अन्वय निराळा.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वापरली जाणारी गिटार, एक साधी दोन हंबकरची, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उघडण्यात आली. कपॅसिटर मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, चहाच्या कपापेक्षा स्वस्त. प्रयोगशाळा-सहायकांनी सोल्डर लावण्यापूर्वी विचारले, “सर, याने आवाज वाढणार का?” मी नाही म्हणालो. “मग कशासाठी करायचं?” या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नाही. जोडणी झाल्यावर नॉब अर्ध्यावर आणून त्यांनी स्वतःच तार छेडली आणि म्हणाले, “आता लांबून वाजतंय, पण स्वच्छ.” ज्याला आपण समीक्षेची परिभाषा म्हणतो तिची या वाक्यात मला काही उणीव भासली नाही. कपॅसिटर थोडा मोठा घेतला गेला होता हेही खरे; नॉब अगदी खाली नेला की नाद टोचरा आणि पातळ होत असे. तो पुन्हा बदलावा लागला.

१९७५ : आघाताविना उमटलेला स्वर

जेफ बेक यांचा ‘ब्लो बाय ब्लो’ हा संग्रह १९७५ साली आला. निर्मिती जॉर्ज मार्टिन यांची. त्यातील ‘कॉज वुई हॅव एंडेड ॲज लव्हर्स’ ही रचना मुळात स्टीव्ही वंडर यांची असून १९७४ मध्ये ती सायरिता यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली होती. बेक यांनी ती शब्दांविना गिटारवर वाजविली आणि रॉय ब्युकॅनन या अमेरिकन वादकाला अर्पण केली. हे अर्पण औपचारिक नाही. टेलिकास्टर गिटारचा व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने फिरवीत स्वर फुलविण्याची रीत ब्युकॅनन यांच्या वादनातून अनेकांपर्यंत पोहोचली होती.

या ध्वनिमुद्रणातील गिटार ‘टेली-गिब’ नावाने ओळखली जाते. सीमोर डंकन यांनी लंडनमध्ये असताना ती बेक यांच्यासाठी बांधली. शरीर टेलिकास्टरचे, पिकअप मात्र गिब्सनचे हंबकर, जे डंकन यांनी स्वतः पुन्हा गुंडाळले होते. बेक यांची यार्डबर्ड्स-काळातील एस्क्वायर गिटार त्या बदल्यात डंकन यांच्याकडे गेली. गिब्सनचा पिकअप गिब्सनच्या गिटारवर ऐकण्याची सवय असलेल्यांना ही जोडी त्या काळी विजोड वाटणे साहजिक होते. टेलिकास्टरची तार गिब्सनपेक्षा लांब असते. समान स्वराला ती अधिक ताणलेली राहते, आघात अधिक स्पष्ट उमटतो. हंबकर तोच आघात जाड करतो. नॉबची जागाही महत्त्वाची आहे. टेलिकास्टरमध्ये व्हॉल्यूमचा नॉब उजव्या हाताच्या आवाक्यात असतो. लेस पॉलमध्ये चार नॉब दूर, खालच्या कडेला विखुरलेले. टेली-गिबमध्ये एकीचा नाद आणि दुसरीचा आवाका एकत्र आला.

आता रचना ऐकावी. आरंभीच्या वाक्यांत स्वर छेडला जात असल्याचे ऐकू येत नाही. तार छेडताना नॉब खाली असतो. छेडल्यावर करंगळी त्याला वर नेते. परिणामी स्वराचा जन्म आपल्यापासून लपविला जातो आणि स्वर आधीपासून कोठेतरी होता, आता जवळ येत आहे, असा भास होतो. छेडून वाजविणाऱ्या प्रत्येक तंतुवाद्याचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. आघात सर्वांत मोठा, मग ओसरणे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तंतकारी अंगाचा पायाच या ठिकाणी काढून घेतला आहे आणि गायकी अंगाला वाव दिला आहे. गज नसलेल्या वाद्यावर गजाचे काम नॉब करतो.

हे कौशल्य बोटांचे, यात शंका नाही. पण बोटे कशावर चालत आहेत हेही पाहिले पाहिजे. नॉब तळाकडून वर येत असताना जोडणीने वरच्या वारंवारता गिळल्या, तर स्वर आधी मंद उमटेल आणि मग उजळेल. तो एक वेगळाच परिणाम होईल, पेडलने काढलेल्या ‘वा’सारखा. पॉटचा चढ कसा आहे यावरही बरेच अवलंबून असते. ध्वनिउपकरणांत वापरल्या जाणाऱ्या लॉगॅरिदमिक पॉटमध्ये निम्मा फेरा पूर्ण होतो तेव्हा संकेत दहा-पंधरा टक्केच बाहेर आलेला असतो. उरलेला सारा दुसऱ्या निम्म्यात येतो. सरळ चढाच्या पॉटमध्ये हे प्रमाण सम राहते. करंगळीला किती अंतर चालावे लागेल, स्वर कोठे उमलेल, हे त्या तबकडीवरील कार्बनच्या थराने ठरविलेले असते. ‘बोटांत असलेला स्वर’ असा दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयावरून चालत येतो. वादकाने तो निर्णय स्वतःच्या किंवा विश्वासू कारागिराच्या हाती घेतला, हे फेरबदलाचे सार आहे.

संपूर्ण रचना मला सारखीच मोलाची वाटत नाही. मध्यानंतर बेक आवाज वाढवितात, तार ताणून वरच्या स्वरांकडे झेपावतात, आणि तेथे हंबकरचा जाडपणा त्या काळच्या इतर अनेक वादकांच्या नादाजवळ येतो. आवेश खरा आहे, पण तो ओळखीचा आहे. आरंभीची ती पहिली काही वाक्ये मात्र दुसऱ्या कोणाची वाटू शकत नाहीत. बहुतेक परीक्षणे शिखरस्थानाचे कौतुक करतात. मला वाटते, टेली-गिब या गिटारची खरी कसोटी आरंभीच्या कुजबुजीत लागली आहे.

२००१ : ‘नादिया’

पंचवीस वर्षांनंतरचे दुसरे उदाहरण आपल्या कानांना अधिक जवळचे आहे. ब्रिटनमधील भारतीय वंशाचे संगीतकार नितीन सहानी यांच्या ‘बियाँड स्किन’ (१९९९) या संग्रहात ‘नादिया’ ही रचना आहे. मूळ गायन स्वाती नाटेकर यांचे. बेक यांनी ती ‘यू हॅड इट कमिंग’ या २००१ च्या संग्रहात गिटारवर घेतली. स्वाती नाटेकर यांचा आवाज हिंदुस्थानी गायकीत घडलेला आहे. स्वरावरून स्वरावर जाताना मधली वाट दाखविणारी मींड, सुटण्यापूर्वी क्षणभर थांबणारा श्वास, हे त्या गायनाचे विशेष. पाश्चात्त्य पडद्यांची गिटार यातील कितीसे पेलणार, अशी शंका प्रथम येते.

बेक पडद्यांना वळसा घालतात. तारेवर काच वा धातूची नळी सरकविण्याची, म्हणजे स्लाइडची, पद्धत ते वापरतात. तीमुळे मींड मिळते. पण नुसत्या मींडेने गायन होत नाही. ज्याने हवाईयन गिटारवर मराठी-हिंदी गीते ऐकली आहेत त्याला हे ठाऊक आहे. प्रत्येक मींडेच्या आरंभी छेडल्याचा ठसा राहिला की कान वाद्याकडेच परततो. बेक यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी प्लेक्ट्रम सोडून उघड्या बोटांनी वाजविणे स्वीकारले होते आणि स्ट्रॅटोकास्टरचा व्हॉल्यूमचा नॉब घोडीजवळच्या पिकअपला लागूनच असल्याने छेडणारा हात तेथून हलतच नाही. अनेक वादकांना ही जवळीक अडचणीची वाटते. हात चुकून नॉबला लागतो म्हणून ते तो काढून दूर बसवितात. म्हणजे ज्या रचनेला एकजण दोष समजून दुरुस्त करतो तीच दुसऱ्याच्या शैलीचे घर होते. फेरबदलाविषयी सर्वसामान्य नियम सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पिकअपचा प्रश्नही येथे पुन्हा उपस्थित होतो. नाद फाटण्याच्या सीमेवर अँप्लिफायर ठेवला असता एकेरी वेटोळ्याची घरघर दोन स्वरांमधील विरामात घुसते. ‘नादिया’सारख्या रचनेत विरामच निकामी झाला तर काय उरेल? बेक यांच्या नावाने निघणाऱ्या फेंडर गिटारमध्ये २००१ च्या सुमारास ‘नॉइजलेस’ पिकअप आले. त्यांत दोन वेटोळी एकमेकांवर रचून घरघर घालविलेली असते आणि आकार व नाद एकेरीच्या जवळ राखलेला असतो. अशा पिकअपना अनेक जुने चाहते ‘निर्जीव’ म्हणतात. घरघर हा नादाचा भाग आहे असे त्यांचे म्हणणे. ब्लूजमध्ये ते मी मान्य करीन. मींड आणि विराम यांवर उभ्या असलेल्या वादनात ते मान्य करता येत नाही.

या संदर्भात मिरजेच्या सतारमेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा माथा कानसेने अंशाअंशाने घासून जवारी काढतो; जवारी उघडी हवी की बंद, हे गायक वा वादक त्याला आपल्या गळ्याच्या वा बाजाच्या धर्माप्रमाणे सांगतो. ही कृती संगीताबाहेरची आहे असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. मग पॉटचे एक टोक बदलणे संगीताबाहेरचे का ठरावे? कानस परंपरेची आणि सोल्डरिंगची इस्त्री कारखान्याची, एवढाच भेद आपल्या मनात असावा.

वगळणे आणि वाढविणे

बेक यांचे फेरबदल नाजूक आहेत. एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) यांचे तसे नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी कारखान्याने दुय्यम ठरविलेले स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचे शरीर घेतले, त्यात गिब्सन ईएस-३३५ मधील हंबकर घोडीजवळ बसविला आणि बाकी सर्व जोडणी सोडून दिली. एक पिकअप, एक नॉब. गिब्सनच्या पिकअपमधील खुंट फेंडरच्या तारांखाली नीट येत नसल्याने पिकअप तिरका बसविला. मोठ्या आवाजात वेटोळे स्वतःच कंप पावून किंचाळू नये म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडविला. एकुलत्या नॉबवर ‘टोन’ असे छापलेले होते. काम तो व्हॉल्यूमचे करी. ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून प्रसिद्ध झालेली हीच ती गिटार, १९७८ च्या पहिल्या ‘व्हॅन हेलन’ संग्रहावर ऐकू येणारी.

टोन-नियंत्रण वगळल्याने पिकअपवरचा भार कमी होतो व वरच्या वारंवारता किंचित अधिक सुटतात, हा त्यातील विद्युत-लाभ. माझ्या मते त्याहून मोठा लाभ निवड संपविण्याचा होता. १९८२ च्या ‘कॅथेड्रल’ या छोट्या रचनेत डावा हात दांडीवर स्वर उमटवितो आणि उजवा केवळ नॉब फिरवीत प्रत्येक स्वराचा आघात पुसतो. प्रतिध्वनीच्या यंत्रातून ते ऑर्गनसारखे ऐकू येते. तत्त्व बेक यांचेच आहे, हेतू मात्र चमत्कृतीचा. रचना ऐकताना नवल वाटते, दुसऱ्यांदा ऐकताना ते कमी होते. पुढे व्हॅन हेलन यांनी दांडीजवळ एक दुसरा पिकअप बसविला, पण त्याची वायर कोठेच जोडली नव्हती. नक्कल करणाऱ्यांना चकविण्यासाठी घातलेला हा प्रक्षिप्त श्लोक म्हणावयाचा!

याच्या उलट टोकाला ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’ आहे. ती त्यांनी वडिलांसमवेत १९६३ पासून घरीच घडविली. तिच्यातील तीन पिकअप एकापुढे एक अशा मालिकेत जोडलेले असून प्रत्येकाला चालू-बंद करणारे आणि ध्रुवता उलटविणारे स्वतंत्र बटण आहे. व्हॉल्यूम मात्र सर्वांना मिळून एकच. एकाने निवड शून्यावर आणली, दुसऱ्याने ती सहा बटणांपर्यंत नेली, आणि दोघांचाही नाद चार स्वरांत ओळखू येतो. नॉबांची संख्या हा अभिव्यक्तीचा मापदंड होऊ शकत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

श्रद्धेचा प्रांत

फेरबदलाची बाजू घेताना त्याभोवती वाढलेल्या श्रद्धांची बाजू घेण्याचे कारण नाही. टोनच्या कपॅसिटरचेच पाहा. पन्नाशीतील तेल-कागदाच्या कपॅसिटरना आज भरमसाट किंमत मोजली जाते. मोजलेली धारकता समान असेल तर गिटारसारख्या क्षीण विद्युतदाबाच्या मंडलात त्यांनी निराळे वागावे असे कारण दिसत नाही. जुन्या कपॅसिटरचे मूल्य अनेकदा छापील आकड्यापासून ढळलेले असते, आणि जो फरक ऐकू येतो तो त्या ढळण्याचा असतो. आमच्या गिटारमध्ये समान मूल्याचे दोन प्रकार आळीपाळीने जोडून पाहिले; मला काही भेद कळला नाही. माझा कान दुर्बळ आहे, असे त्यावर एका परिचिताने सांगितले. या युक्तिवादाला उत्तर नसते.

पीटर ग्रीन (१९४६–२०२०) यांच्या १९५९ च्या लेस पॉलचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. दोन्ही पिकअप एकत्र चालू असता तिचा नाद पोकळ, अनुनासिक होतो, कारण दांडीजवळच्या पिकअपची चुंबकीय ध्रुवता उलट आहे व दोन्ही संकेत परस्परांना अंशतः खोडतात. हे कसे घडले याविषयी निरनिराळ्या कथा प्रचलित आहेत. ग्रीन यांच्या वादनावर लिहिणाऱ्यांनी या नादाला त्यांच्या दुःखाचा, एकाकीपणाचा उद्गार म्हटले आहे. मला यात गैर काही वाटत नाही. फक्त क्रम उलटा लागतो. आधी चुंबक उलटा झाला, मग त्या नादात दुःख आहे हे वादकाने ऐकले, आणि ज्या जागी ते शोभेल तेथे तो वापरला. दोन व्हॉल्यूम-नॉबांपैकी एक किंचित खाली आणला की खोडणे अपुरे राहते व नाद पुन्हा भरतो. म्हणजे त्या पोकळपणाचीही मात्रा वादकाच्या हाती होती. अपघातातून आलेली गोष्ट निवडीने शैली होते, हे लेखनातही आपण पाहतो. मुद्रणदोषाने सुधारलेल्या ओळी कवींनी तशाच राहू दिल्याचे किस्से कोणाला ठाऊक नाहीत?

मूळचे आणि बदललेले

जुन्या गिटारच्या बाजारात ‘मूळ स्थिती’ या शब्दाला मोठे वजन आहे. पन्नाशीतील लेस पॉलचा एखादा सोल्डरचा सांधा जरी पुन्हा उघडलेला आढळला तरी तिची किंमत खाली येते. यामुळे कारागीर आज जुन्या वाद्यांना हात लावण्यास धजत नाहीत आणि मालक ती वाजविण्यास. कारखान्याचे मत अशा रीतीने अपरिवर्तनीय संहिता होते. पण तोच बाजार कीर्तिमान हातांनी केलेल्या फेरबदलांपुढे नमतो. डेव्हिड गिल्मर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये १९७० पासून इतके बदल झाले की मूळचे फारसे काही उरले नव्हते. दांडीजवळचा पिकअप केव्हाही मिसळता यावा म्हणून तिच्यात एक लहानसे बटणही जोडलेले होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काचेमागे होती. फेंडरने २००७ मध्ये तिच्या मर्यादित प्रतिकृती काढल्या तेव्हा किंमत २५,००० डॉलर ठेवण्यात आली होती. ओरखडे, सिगारेटचे डाग, न जोडलेला तो पिकअप, सारे हुबेहूब. पन्नास डॉलरच्या टाकाऊ लाकडावर जी कृती घडली तिचा आत्मा ‘जे पटत नाही ते तोडून टाक’ हा होता. प्रतिकृतीच्या ग्राहकाने ती उघडून त्यात स्वतःचा एखादा बदल केला असेल, असे मानणे कठीण आहे.

बेक यांच्या निधनानंतर जानेवारी २०२५ मध्ये त्यांची वाद्ये लंडनमध्ये लिलावात निघाली. सर्वाधिक बोली ‘ऑक्सब्लड’ या १९५४ च्या लेस पॉलला लागली, दहा लाख पौंडांहून अधिक. तिचा मूळ सोनेरी रंग पूर्वीच बदलून गडद तांबूस करण्यात आला होता आणि मूळचे पिकअप काढून हंबकर बसविण्यात आले होते. ‘ब्लो बाय ब्लो’च्या मुखपृष्ठावर बेक यांच्या हाती आहे ती हीच गिटार. ‘कॉज वुई हॅव एंडेड ॲज लव्हर्स’ जिच्यावर वाजविले गेले ती टेली-गिबही त्याच लिलावात होती. तिला कमी किंमत आली.